दुधातली गुंडी

गुळाच्या चहात दूध घातलं की कधी कधी ते फाटतं. पांढऱ्या गुठळ्या वर येतात आणि खाली पिवळसर पाणी राहतं. उन्हाळ्यात सकाळचं दूध तापवायला उशीर झाला तरी हेच होतं. आपण म्हणतो, दूध नासलं. मग त्यात लिंबू पिळून चोथा गाळून घेतो. त्यात साखर घालून मुलांना देतो, नाहीतर पनीर करून भाजीत टाकतो. आज या चोथ्याची गोष्ट सांगायची आहे. शंभर वर्षांपूर्वी याच चोथ्याच्या गुंड्या झाल्या, फण्या झाल्या, विणायच्या सुया झाल्या, इतकंच काय, लोकरही झाली. ही गोष्ट आयर्लंड, जर्मनी, इटली असा प्रवास करते आणि मग मुंबईला, आपल्या गावच्या डेअरीच्या काट्यापाशी येते.

चोथ्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव केसीन. लॅटिन भाषेत चीजला ‘कासेउस’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. गाईच्या दुधात शंभर भागांत साधारण सव्वातीन भाग प्रथिनं असतात आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा केसीनचा असतो. म्हणजे लिटरभर दुधात सुमारे २६ ग्रॅम. म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. दूध पांढरं दिसतं त्याचं मोठं कारण केसीनच आहे. ते दुधात विरघळलेलं नसतं, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. त्या कणांत कॅल्शियम आणि फॉस्फरस बांधलेले असतात. हाडांना लागणारा माल जणू गाठोड्यात बांधून दिलेला.

हे कण एकमेकांपासून दूर राहतात तोवर दूध पातळ राहतं. आंबटपणा वाढला की त्यांचं दूर राहणं सुटतं आणि ते एकमेकांना चिकटतात. लिंबानं ते भराभर होतं, विरजणानं रात्रभरात हळूहळू होतं. लिंबाचा झाला तर चोथा, विरजणाचं झालं तर दही. वासराच्या जठरातल्या पाचक रसानंही दूध असंच घट्ट होतं, त्यावर युरोपातला चीजचा धंदा उभा राहिला. खरवस मात्र वेगळा. चिकात दुसरीच प्रथिनं भरपूर असतात आणि ती नुसत्या उष्णतेनं घट्ट होतात. म्हणून खरवसाला लिंबू लागत नाही.

आता एक प्रश्न. लोणी काढल्यावर ताकात काय राहतं? पुष्कळजणी म्हणतील, काही नाही, नुसतं पाणी. तूप विकायचं, लोणी पाहुण्याला आणि घरच्या कर्त्याला, ताक बाकीच्यांना. पण लोण्याबरोबर फक्त स्निग्धांश गेला. केसीन जवळपास सगळं ताकातच राहिलं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. अंग भरायला तो लागतोच. केसीनमध्ये तो भरपूर असतो. म्हणजे भाकरीत जे उणं आहे ते ताक भरून काढतं. आपल्या आज्यांनी भाकरी आणि ताक ही जोडी लावली ती फुकट लावली नाही. साय काढल्यावर जे उरतं ते उरलंसुरलं नव्हे, ही आजच्या गोष्टीची गाठ आहे. ती पक्की धरून ठेवा. कारण दुधाच्या इतिहासात हा उरलेला भाग कुणाच्या लक्षात आला आणि कुणाच्या नाही, यावर पुष्कळ काही ठरलं.

केसीनचा पोटापलीकडचा उपयोग जुना आहे. बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या युरोपीय साधूनं कारागिरीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात चीज आणि चुना यांचा डिंक करून लाकडी फळ्या जोडायची कृती दिलेली आहे. हा डिंक सुकला की पाण्याला सहज दाद देत नसे. दुधात रंग कालवून भिंती आणि लाकूडसामान रंगवायची पद्धतही तिकडे होती. पण हे सगळं घरगुती, थोडंथोडकं. तेव्हा दुधावर राज्य होतं बायकांचं. आयर्लंड, डेन्मार्क, इंग्लंडमध्ये गाई पिळणं, पसरट भांड्यात दूध ठेवून साय काढणं, लोणी घुसळणं आणि बाजारात विकणं ही कामं बायकाच करत. लोण्याचा पैसा बाईच्या हातात येई. त्यातून तेलमीठ, मुलांचे कपडे, अडीनडीचा खर्च भागे. हे ऐकून आपलीच गोष्ट वाटते ना?

१८७८ साली स्वीडनमध्ये गुस्ताफ द लाव्हाल यांनी साय काढायचं यंत्र आणलं. भांडं गरागरा फिरायचं, जड दूध कडेला जायचं आणि हलकी साय मध्ये जमायची. रात्रभर वाट पाहायची गरज संपली. १८९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातली फॅट मोजायची सोपी पद्धत शोधली. आता दूध पिंपानं कारखान्यात जाऊ लागलं आणि भाव फॅटवर ठरू लागला. आयर्लंडमध्ये १८८९ साली लिमरिक परगण्यात ड्रमकॉलोहर इथं पहिली सहकारी लोणी-डेअरी सुरू झाली. मग अशा डेअऱ्या गावोगाव निघाल्या. माल एकसारखा झाला, परदेशी बाजार मिळाला, हे चांगलंच झालं. पण घरातली रवी थांबली. लोणी बाईच्या हातून गेलं आणि पैसा बहुधा नवऱ्याच्या खात्यावर जमू लागला. श्रम तिचेच राहिले, हातातली पुरचुंडी तेवढी गेली. ही गोष्ट तिकडच्या इतिहासकारांनी, विशेषतः बायकांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी, नोंदवून ठेवली आहे.

त्याच वेळी डेअऱ्यांपुढे नवीनच प्रश्न उभा राहिला. साय काढलेल्या दुधाचं करायचं काय? आपल्याकडे त्याला सेपरेट दूध म्हणतात. त्याचे डोंगर साचू लागले. काही वासरांना गेलं, काही डुकरांना, काही ओतून दिलं गेलं. फॅटच्या तराजूत त्याला वजनच नव्हतं.

इथं जर्मनी येतं. हानोव्हर शहरात विल्हेल्म क्रिशे नावाचा छापखानदार होता. शाळेच्या काळ्या पाटीऐवजी पुसता येईल अशी पांढरी पाटी त्याला करायची होती. त्यासाठी तो केसीनचा लेप वापरून बघत होता, पण पाणी लागलं की लेप मऊ पडायचा. रसायनं जाणणारा आडोल्फ श्पिटेलर त्याच्या जोडीला आला. १८९७ च्या सुमारास त्यांना उपाय सापडला. केसीन फॉर्मॅल्डिहाइडच्या पाण्यात बुडवून ठेवलं की ते शिंगासारखं कडक होतं. असं सांगतात की श्पिटेलरच्या मांजरीनं रात्री ही बाटली बशीतल्या दुधात सांडली आणि सकाळी दुधाचा दगड झाला. मांजरीची गोष्ट खरी असो की रचलेली, पण १८९९ मध्ये पेटंट निघालं आणि १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात हा माल लोकांसमोर आला. नाव ठेवलं गॅलॅलिथ. ग्रीक भाषेत ‘गाला’ म्हणजे दूध आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड. दुधाचा दगड.

पांढऱ्या पाट्या काही चालल्या नाहीत, गुंड्या मात्र चालल्या. त्याआधी गुंड्या, फण्या, मुठी कशाच्या असत? हस्तिदंताच्या, शिंगाच्या, शिंपल्याच्या, कासवाच्या पाठीच्या. त्या महाग, आणि त्यासाठी जनावरं मरत. सेल्युलॉइड नावाचं नकली हस्तिदंत निघालं होतं, पण ते चटकन पेट घेई. दुधाचा दगड सहसा पेटत नसे, रंग सुरेख धरत असे आणि चकाकी अशी की हात फिरवावासा वाटे. हार्बुर्ग इथं १९०४ साली मोठा कारखाना निघाला. कारखान्यांतून गुंड्या, विणायच्या सुया, पेनांच्या नळ्या, छत्रीच्या मुठी, माळा, बांगड्या निघू लागल्या. ज्या बाईला हस्तिदंत परवडत नव्हतं, तिच्या गळ्यातही लाल-निळी माळ आली.

इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावच्या जुन्या गिरणीत असाच कारखाना उभा राहिला. त्याच्या मालाचं नाव होतं एरिनॉइड. एरिन म्हणजे आयर्लंड. दुधाचं केसीन तिकडून आणलं जाई, म्हणून हे नाव. आता दोन टोकं जोडून बघा. आयर्लंडच्या ज्या बाईच्या हातून लोणी गेलं, तिच्या गाईच्या दुधातलं जे ‘काही कामाचं नाही’ म्हणून बाजूला पडलं, त्यासारख्याच दुधाच्या गुंड्या इंग्लंडच्या कोटावर बसल्या. त्यातला किती पैसा तिच्यापर्यंत पोचला असेल, हे तुम्ही ओळखाल.

हे करायचे कसे? साय काढलेलं दूध गोठवायचं, चोथा धुवायचा, वाळवून दळायचा. एक किलो कोरडं केसीन करायला तीस-पस्तीस लिटर दूध लागतं. त्या पिठात थोडं पाणी आणि रंग घालून मळायचं, गरम यंत्रातून दाबून कांड्या किंवा पत्रे करायचे. मग ते फॉर्मॅलिनच्या हौदात. पातळ माल काही दिवसांत तयार होई, जाड मालाला महिने लागत. जसं लोणचं मुरायला ठेवावं तसं. याच फॉर्मॅलिनबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. ते विष आहे. दूध टिकावं म्हणून कुणी दुधात फॉर्मॅलिन टाकत असेल तर तो गुन्हा आहे. ज्यानं दुधाचा दगड होतो ते पोटात जाऊ द्यायचं नसतं.

पुढे १९३५ साल आलं. इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. त्याने इथिओपियावर हल्ला केला, म्हणून राष्ट्रसंघानं इटलीवर व्यापारबंदी घातली. बाहेरून लोकर आणायची पंचाईत झाली. आंतोनियो फेरेत्ती या इटालियन संशोधकानं केसीनचे धागे काढायची रीत बसवली होती, ती सरकारनं उचलून धरली. आपल्या सोऱ्यातून शेव पडते ना, तसंच. केसीन विरघळवून घट्टसर करायचं, बारीक भोकांतून आम्लाच्या पाण्यात सोडायचं. तिथं त्याचे तंतू बनतात. या कापडाला नाव दिलं लानिताल, म्हणजे इटलीची लोकर. मऊ होतं, उबदार होतं. पण भिजलं की धागा कमजोर पडे आणि आंबलेल्या दुधाचा वास येई. अमेरिकेतही १९४० च्या दशकात अरालॅक नावानं असा धागा निघाला, तो दशक संपायच्या आत बंद झाला.

युद्धात माणसांना दूध मिळेनासं झालं की दुधाचे कपडे कुणाला सुचणार? आणि युद्ध संपल्यावर खनिज तेलापासूनचं प्लास्टिक आणि नायलॉन आलं. त्याला महिनाभर मुरवावं लागत नव्हतं. वॉशिंग मशीन आलं, गरम पाण्यात केसीनची गुंडी फुगायची, तडकायची. विमानाच्या लाकडाला लावायचा केसीनचा डिंकही दमट हवेत बुरशी धरतो, म्हणून मागे पडला. इंग्लंडचं मॉस्किटो नावाचं लाकडी लढाऊ विमान सुरुवातीला केसीनच्या डिंकानं जोडत असत, पुढे रासायनिक डिंक आला.

युरोपात साय काढलेल्या दुधाच्या गुंड्या होत होत्या त्याच जमान्यात आपल्या मुंबईत त्याच दुधाचा वेगळा विचार झाला. शहर वाढत होतं, म्हशीचं दूध महाग होतं, गरिबाच्या मुलाला दूध मिळत नव्हतं. पुढे मुंबईचे दूध आयुक्त झालेले दारा खुरोडी यांनी १९४० च्या दशकात एक युक्ती काढली. म्हशीच्या दुधात फॅट भरपूर असते. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळायची. फॅट कमी होते, पण केसीनसह बाकीचा कस टिकून राहतो. एका लिटरचं दीड-दोन लिटर होतं आणि ते स्वस्तात देता येतं. याला त्यांनी टोन्ड दूध म्हटलं. पिशवीवर आजही हे नाव तुम्ही वाचता. त्यात फॅट ३ टक्के आणि एसएनएफ ८.५ टक्के असायलाच हवं, असा नियम आहे. १९६३ साली खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली तेव्हाही युरोपनं भेट दिलेली साय काढलेल्या दुधाची पावडर आणि बटर ऑइल वापरून शहरांत दूध पुरवलं गेलं, आणि त्या विक्रीच्या पैशातून गावागावांतल्या दूध संस्था उभ्या राहिल्या. तिकडे जे जास्तीचं होतं, ते इथं मुलांच्या पेल्यात आलं.

आज केसीन कुठे आहे? बाटल्यांवरची लेबलं चिकटवायच्या डिंकात, चामड्याच्या चकाकीत, कागदाच्या लेपात, रंगात. जर्मनीच्या त्याच हानोव्हरमध्ये आंके डोमास्के नावाच्या बाईनं माणसांना पिण्यालायक नसलेल्या दुधापासून पुन्हा धागा करायला घेतला आहे. आणि खाण्यात तर केसीन आहेच. चीजमध्ये, व्यायाम करणाऱ्यांच्या प्रोटीन पावडरीत, चहा-कॉफीत घालायच्या पांढऱ्या भुकटीत. पुड्यावर बारीक अक्षरात ‘सोडियम केसिनेट’ लिहिलेलं असतं, ते हेच. पुड्यावर दूधविरहित लिहिलं असलं तरी हे आत असू शकतं. ज्या मुलाला दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे, त्याच्या आईनं हा शब्द ओळखायला हवा. नुसतं दूध पचत नाही, पोट फुगतं, ही गोष्ट वेगळी. ते दुधातल्या साखरेमुळे होतं आणि अशा माणसाला पुष्कळदा दही-ताक चालतं. तान्ह्या बाळाचंही लक्षात ठेवा. आईच्या दुधात केसीनचा वाटा गाईच्या दुधापेक्षा बराच कमी असतो, म्हणून ते हलकं, लवकर पचतं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचंच दूध.

केसीनला बाजार किती आहे, हे २०११ साली कळलं. देशात दुधाचे भाव चढले होते. तेव्हा केंद्र सरकारनं फेब्रुवारी महिन्यात दूध पावडरीबरोबर केसीनच्या निर्यातीवरही बंदी घातली. ती २०१२ मध्ये उठवली. म्हणजे आपल्या डेअरीतल्या दुधाचा एक भाग परदेशात चांगल्या भावाला जातो आणि त्याचा धागा थेट आपल्या दरापर्यंत येतो.

आपल्या स्लिपवर दोन आकडे असतात, फॅट आणि एसएनएफ. गाईच्या दुधाचा दर ३.५ आणि ८.५ ला धरून ठरतो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा सगळा कस. त्यात साखर, प्रथिनं, खनिजं आली, आणि त्यातच आपलं केसीन. हा आकडा ८.५ च्या खाली घसरला की पॉइंटमागे पैसे कापले जातात. पाणी पडलं तर तो घसरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जनावराला पोटभर चारा-खुराक नसेल, उन्हाचा त्रास असेल, किंवा कासदाह, ज्याला काही भागात दगडी म्हणतात, तो झाला असेल, तरीही घसरतो. कासदाहात तर केसीनच कमी होतं. धार काढणाऱ्या बाईला सड गरम लागला, दुधात गाठी दिसल्या की सगळ्यात आधी तिलाच कळतं. पण स्लिप जर घरात दुसऱ्याच्याच खिशात जात असेल, तर आकडा का घसरला आणि कास का सुजली, याची गाठ कुणी घालायची?

गावच्या डेअरीत रोज ५०० लिटर गाईचं दूध जमत असेल, तर त्यात साधारण १३ किलो केसीन असतं. रोजचं. आयर्लंडच्या बायकांना कुणी हा हिशेब सांगितला नव्हता. त्यांनी फक्त साय मोजलेली पाहिली. आपल्याला दोन्ही आकडे छापून मिळतात. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आठ दिवसांच्या स्लिपा आणाव्यात, फॅट आणि एसएनएफ वहीत समोरासमोर लिहावेत. एकीचा एसएनएफ सारखा घसरत असेल तर तिच्या गोठ्यात जाऊन कास आणि गव्हाण दोन्ही बघावं. दोघी-चौघींचा एकदमच घसरला असेल तर डेअरीत जाऊन मशीन तपासायला सांगावं. दूध डेअरीला घालणाऱ्या बाईचं नाव सभासद म्हणून आहे का, खातं कुणाचं आहे, हेही त्याच बैठकीत विचारावं.

आणि पेलाभर ताक घरातल्या मुलींच्या वाट्याला येतंय ना, एवढं बघा. त्यात काही राहत नाही, असं आता कुणी म्हणालं तर काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला माहीत आहे.